हौशी बिनतारी दूत

कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरी हे गाव कोणा मराठी मुलाला ठाऊक नाही? १६७४ च्या फेब्रुवारीत सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह येथे धारातीर्थी पडले. त्या काळी अशी वार्ता दूर पोहोचविण्यास घोडेस्वार किंवा पायी धावणारा जासूद यांवाचून दुसरा मार्ग नव्हता. आज रेडिओच्या लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर अंतर कापतात. नेसरीहून निघालेला शब्द डोळ्याचे पाते लवण्याच्या आत दिल्लीस पोहोचू शकतो.

ही विद्या केवळ मोठ्या केंद्रांसाठीच आहे, असे मात्र समजू नका. जगभर लाखो माणसे ती हौसेने शिकतात. त्यांना 'हॅम' म्हणतात. भारताचे पंतप्रधान राजीव गांधी हेही असे हौशी रेडिओचालक होते.

मुलांनो, तुम्हांलाही आरंभ करता येईल. एक सेल, एक लहान बझर, थोडी तार आणि दाबण्याची कळ एवढे साहित्य जमवा. कळ दाबताच विद्युत्प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण होते आणि बझर वाजतो. थोडा वेळ वाजला की टिंब, अधिक वेळ वाजला की रेघ. मोर्सच्या लिपीतील सारी अक्षरे या दोहोंतूनच बनतात. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही संकटातील जहाजाची हाक होय. हे साधले, म्हणजे शिक्षकांच्या देखरेखीखाली लहानसा रेडिओग्राहक जुळवा. त्याची तार विजेच्या तारांपासून दूर बांधा, आणि आभाळ गडगडू लागले की काम थांबवा.

ऐकणे सर्वांना मोकळे आहे. बोलण्यास मात्र परवाना लागतो. असे का? पाटाचे पाणी शेतकरी पाळीपाळीने घेतात. कोणी मन मानेल तेव्हा बारे फोडले, तर शेजाऱ्याचे पीक वाळते. लहरींचेही तसेच आहे. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले, तर कोणाचेच शब्द कळत नाहीत. विमानांच्या व जहाजांच्या संदेशांतही अडथळा येऊ शकतो. म्हणून केंद्र सरकार रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम यांची परीक्षा घेते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना तिला बसता येते. परवाना मिळाला, की प्रत्येकाला स्वतंत्र संकेतनाम मिळते.

या हौसेचे मोल संकटात कळते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या रेडिओचालक काही सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेल्या होत्या. २६ तारखेस भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा आल्या. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा या हौशी मंडळींनी आपल्या यंत्रांवरून बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविली. यंत्र जुळविण्याचा सराव आणि हाती परवाना, दोन्ही आधीपासून होते. म्हणूनच त्या घटकेला ते उपयोगी पडले.

संकट आल्यावर विद्या शिकण्यास सवड नसते. ती आजच शिकावी लागते. आधी हाताने करा, मग कान देऊन ऐका आणि परवाना घेऊन जगाशी बोला.

स्वाध्याय

१. रेडिओवरून बोलण्यास परवाना का लागतो? पाटाच्या पाण्याच्या उदाहरणाने सांगा.
२. पोर्ट ब्लेअर येथील हौशी मंडळी संकटकाळी कशामुळे उपयोगी पडू शकली?
३. बझर व कळ जोडून आपले नाव मोर्सच्या लिपीत वाजवून दाखवा.