उसाचे सत्त्व उसाच्या रानात



शंभर टन ऊस गाळला की सुमारे २८ ते ३० टन बगॅस, ४ टन मोलॅसिस आणि ३ ते ४ टन प्रेसमड निघतो. बगॅस बॉयलरला जातो, मोलॅसिस डिस्टिलरीला. प्रेसमड मात्र खत होऊन आपल्याच रानात परत गेला पाहिजे. सभासदाने तो नेलाच नाही, तर चक्र तिथेच अडते नि यार्डात नुसते ढीग राहतात.

म्हणून खत विकणाऱ्याने सभासदाला नुसते गिऱ्हाईक समजू नये, त्याची तक्रार ऐकावी, असे आम्हाला वाटते. "खत टाकले नि पीक पिवळे पडले" ही तक्रार खोटी नसते. कच्चा प्रेसमड रानात कुजू लागला की जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात. तेव्हा खत पुरते कुजवूनच द्यावे. ओलही बेताची असावी, नाहीतर सभासद पाण्याचेच गाडीभाडे भरतो.

आपणही पारख करून घ्या. चांगले खत काळसर, भुसभुशीत, हाताला गार लागते. वास मातीचा येतो. गरम, घाण वासाचे खत गाडीत भरू नका. लगेच शेतकी खात्याला कळवा. गप्प बसून खत नाकारले, तर सुधारणा व्हायची कशी?