छापखान्यातील खरे माप

शास्त्रपाठ : लेवीय १९:३५-३६, रोम १४:१३-२१, कलस्सै ३:२२-२४, याकोब ५:४

आपल्या मराठी मंडळ्यांना छापखाना परका नाही. बंगालमधील सेरामपूर येथे १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले, आणि १८४२ साली त्या वेळच्या अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. परंतु छापखान्यात रोज शुभवर्तमानच छापले जाते असे नाही. बिलबुके, लग्नपत्रिका, हँडबिले, कॅलेंडरे, औषधांची खोकी ही तेथील नेहमीची कामे. आपल्यापैकी काही जण त्यांवर पोट भरतात, बाकीचे आपण ती करवून घेतो. या साध्या कामांत देवाची आज्ञा कोठे लागू पडते, ते पाहू.

१. कागदाचे माप

लांबी, वजन व माप यांत अन्याय करू नये, असे नियमशास्त्र सांगते. छापखान्यात ही तिन्ही एका रीमात येतात. कागदाची जाडी जीएसएमने, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनाने मोजतात. ए-फोर आकाराच्या ५०० तावांचे रीम ७० जीएसएमचे असेल तर त्याचे वजन सुमारे २ किलो १८० ग्रॅम भरते. ६० जीएसएमचे असेल तर सुमारे १ किलो ८७० ग्रॅम. बिलात ७० लिहून ६० चा कागद लावला, तर डोळ्यांना तो फरक सहसा कळत नाही. गिऱ्हाईक तराजू घेऊन येत नाही. पण वजने पाहणारा देव आहे.

२. शाई आणि शेजारी

मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःचा छापखाना काढला. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील ग्रंथाला शिवत नसत. तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. ते ख्रिस्ती नव्हते, तरी वाचणाऱ्याच्या मनाला ठेच लागू नये ही काळजी त्यांनी घेतली. रोमकरांस लिहिताना पौल हेच शिकवितो.

आज प्रश्न चरबीपुरता नाही. वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते, म्हणून त्यात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा सरकारी नियम आहे. तेव्हा मिठाईच्या खोक्यासाठी कोणती शाई घेतली, यंत्र धुतलेले रसायन गटारात सोडले की काय, हे प्रश्न शेजाऱ्यावरील प्रीतीचेच आहेत. वनस्पती तेलाच्या शाया आता मिळतात. जेथे शक्य तेथे त्या घ्याव्यात.

३. हात आणि काम

रॉकेलच्या चिंधीने रूळ पुसणाऱ्या कामगाराला हातमोजे आहेत काय? खोलीत वारा खेळतो काय? रात्रपाळीची मजुरी वेळेवर मिळते काय? अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब म्हणतो.

काही कामे नाकारावीच लागतात : दुसऱ्याच्या मालाची नकली लेबले, मागील तारखेची बिलबुके, मुद्रक व प्रकाशक यांच्या नावांवाचून निवडणुकीची पत्रके. हे शेवटचे तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ ने गुन्हाच आहे. नाकारल्याने गिऱ्हाईक जाईल, कदाचित नोकरीही जाईल. अशा बांधवाला नुसता उपदेश करून भागत नाही. मंडळीने त्याच्या घरच्या चुलीचीही विचारपूस केली पाहिजे.

४. आपण गिऱ्हाईक

दोष छापखान्यावरच टाकू नये. संमेलनाची स्मरणिका किंवा नाताळची पत्रिका काढताना आपण तीन ठिकाणी भाव विचारतो आणि सर्वांत स्वस्त तेथे काम देतो. काम उद्याच हवे म्हणतो, पैसे मात्र तीन महिन्यांनी देतो. तो स्वस्तपणा कोणाच्या कागदातून, कोणाच्या झोपेतून निघाला, हे आपण विचारीत नाही. खोटे माप मागणाराही त्या मापात वाटेकरी असतो.

शब्बाथ शाळेतील शिक्षकांसाठी

शक्य असल्यास दोन जाडीच्या कागदांची रीमे वर्गात आणून तराजूवर ठेवा. मग विचारा :
(अ) फरक हाताला कळला काय?
(आ) आपल्या मंडळीच्या छपाईचे बिल किती दिवसांत चुकते होते?
(इ) कोणते काम आपण नाकारू, आणि नाकारणाऱ्याला कसा हात देऊ?

जे काही करतो ते प्रभूसाठी म्हणून करण्यास तोच आम्हांस साहाय्य करो.