‘ईदगाह’ : कथेतील लेखनतंत्र व तिचे अध्यापन

‘ईदगाह’ ही प्रेमचंद (१८८०–१९३६) यांची १९३३ सालची कथा. वाराणसीजवळच्या लमही गावी जन्मलेले प्रेमचंद १९२१ मध्ये राजीनामा देईपर्यंत शिक्षणखात्यात होते. प्रथम शिक्षक व पुढे शाळा-तपासनीस. खेड्यातील मुलाचे मन त्यांना परिचित होते, याची साक्ष या कथेत मिळते.

कथाबीज. आईबापांवाचून पोरका झालेला चार-पाच वर्षांचा हामिद आजी अमीनाजवळ राहतो. ईदच्या दिवशी तो गावकऱ्यांबरोबर तीन कोस चालत शहरातील जत्रेला जातो आणि खाऊ-खेळणी न घेता आजीसाठी लोखंडी चिमटा आणतो.

आकड्यांचा उपयोग. घरात उरलेल्या दोन आण्यांपैकी तीन पैसे हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. महमूदपाशी बारा पैसे, मोहसिनपाशी पंधरा. ‘हामिद गरीब होता’ असे सांगत बसण्याऐवजी लेखकाने हिशेब पुढे मांडला. १९५७ पासून दशमान नाणी आली; म्हणून एक आणा म्हणजे चार पैसे, हे शिक्षकांनी प्रथम फळ्यावर लिहावे.

वाचकाला ठाऊक, पात्राला अज्ञात. बाप कमवायला आणि आई अल्लाच्या घरी गेली आहे, अशी हामिदची समजूत आहे. खरे काय ते वाचक जाणतो. अखेरीस चिमटा पाहून अमीना रागावते, तेव्हा तव्यावरून पोळी काढताना तिची बोटे भाजतात म्हणून तो आणला, हे वाचकाला आधीच माहीत असते. या दोन प्रसंगांमुळे करुणरस शब्दबंबाळ न होता साधतो.

मोहाचे चित्रण. हा कथेचा गाभा होय. हामिद खेळण्यांना नावे ठेवतो, ती मातीची, पडली की फुटणार असे म्हणतो. परंतु त्याची दृष्टी त्यांच्यावरच खिळलेली असते. मिठाईच्या वेळी सोबती चिडवतात तेव्हा तो मनातून संतापतोही. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाच. हामिद तीनच देऊ करतो. मोह खरा असल्यामुळेच त्याचा त्याग खरा वाटतो. ‘हामिदला खेळणी नकोच होती’ असे सांगणाऱ्या शिक्षकाच्या हातून कथेचा प्राणच निसटतो.

अखेरची उलटापालट. मातीची खेळणी घरी पोहोचताच मोडतात, चिमटा टिकतो. शेवटी मूल वडीलधारे ठरते आणि म्हातारी लहान मुलीसारखी रडते.

अध्यापनाविषयी सूचना. कथा सांगताना चिमट्याचा उल्लेख आधी करू नये. दुकानापाशी थांबून ‘हामिद आता काय घेईल?’ असे विचारावे. तात्पर्य शिक्षकांनी सांगू नये. ते मुलांकडून येऊ द्यावे. ‘तू जत्रेत काय घेतलेस?’ असा प्रश्न वर्गात सरसकट विचारू नये. प्रत्येक वर्गात एखादा हामिद बसलेला असतो. त्याला आदर्श म्हणून उभे करणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याकडे बोट दाखवणे होय.

प्रश्न. (१) हामिदला खेळणी आवडत होती, हे कशावरून कळते? (२) अमीनाचा राग का मावळला? (३) लेखकाने पैशांचे आकडे दिले नसते, तर काय उणे राहिले असते?