रब्बी कांदा: पात सांभाळा, कांदा पोसेल

जमिनीत वाढतो म्हणून कांद्याला मूळ समजणारे अनेक जण भेटतात. खरे तर कांदा म्हणजे पातीचे फुगलेले बूड. कांदा उभा चिरला की तळाशी पांढरी टणक चकती दिसते, ती त्याचे खोड. मुळ्या खालून, पात वरून फुटते, आणि प्रत्येक पातीचे बूड फुगून एकेक पापुद्रा होतो. रब्बीची लागवड डिसेंबर ते जानेवारीच्या पूर्वार्धात उरकली असेल, तर पुढची सगळी कामे या रचनेवर बेतावीत.

मुळ्या उथळ असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच. त्यामुळे एकदाच तुंबवून पाणी देण्यापेक्षा हलके पाणी थोड्या थोड्या दिवसांनी द्यावे. खुरपणीही वरवरचीच करावी.

खरी कमाई पातीची. दिवस मोठा होऊन ऊन तापू लागले की कांदा पोसायला लागतो. तोपर्यंत जेवढी निरोगी पात तयार झाली असेल, तेवढेच पापुद्रे भरतात. नंतर घाईने टाकलेल्या युरियाने ही कसर भरून निघत नाही. म्हणून नत्राचा अर्धा हप्ता लागवडीला आणि उरलेला ३० व ४५ दिवसांनी दोन भागांत द्यावा. त्यानंतर हात आवरावा. उशिरा नत्र दिले की नवी पात फुटत राहते, माना जाड होतात आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. शेजारच्याचे शेत हिरवेगार दिसते म्हणून युरियाची गोणी उघडण्याचा मोह मात्र सुटत नाही!

फुलकिडे पातीच्या बेचक्यात, गाभ्याशी दडतात आणि रस शोषतात. पातीवर पांढरट चट्टे दिसले की बेचके उघडून पाहावे. कांद्याची पात मेणचट असल्याने फवारा ओघळून जातो. द्रावणात स्टिकर मिसळावे.

डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा. रोप जाड झालेले असताना लांबलेली थंडी मिळाली की तो निघतो आणि कांद्यातला साठा ओढून घेतो. मोडला तरी आतला कडक दांडा राहतोच. असा माल वेगळा काढून आधी विकावा.

नवी पात येणे थांबले की मान पोकळ होऊन आडवी पडते. माना पडू लागल्या की पाणी तोडावे. निम्म्या पडल्यावर काढणी करावी. काढलेला कांदा ३ ते ५ दिवस शेतातच, एकाच्या पातीने दुसरा झाकला जाईल असा ओळीने पसरावा, म्हणजे पातीतला रस बुडाकडे उतरतो आणि उन्हाचा चटकाही बसत नाही. मग इंचभर मान ठेवून पात कापावी. अगदी बुडाशी कापल्यास उघड्या मानेतून कूज आत शिरते. चाळीत भरण्यापूर्वी जोड, चिंगळी आणि जाड मानेचे कांदे बाजूला काढावेत.