इन्शुलिनची सुई : वेदना टाळता येते

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि असंख्य मधुमेहींना जीवदान मिळाले. मात्र हे औषध त्वचेखाली टोचावे लागते. वेदनेला कंटाळून जो रुग्ण टोचणे सोडतो, त्याच्या जिवावर बेतू शकते. ही वेदना बहुधा टाळता येण्याजोगी असते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून इन्शुलिन शीतकपाटात किंवा डबीत घालून गार मडक्यात ठेवावे. परंतु थंडगार औषध झोंबते, तेव्हा टोचण्यापूर्वी ते थोडा वेळ बाहेर सावलीत ठेवावे. त्वचेवरील स्पिरिट वाळू द्यावे. तीच सुई पुनःपुन्हा वापरल्यास बोथट होते. रोज एकाच जागी टोचल्यास गाठ येते. गाठीवर दुखत नाही, म्हणून रुग्ण तेथेच टोचतो. तेथून मात्र औषध नीट शोषले जात नाही. पोट, मांडी अशी जागा बदलावी. गाठ असल्यास जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना मात्रा विचारावी.

दुर्गम पाड्यावरील रुग्ण हे दुखणे बोलून दाखवीलच असे नाही. शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्याची आपुलकीने विचारपूस करावी आणि त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी.