धातूंचे घनीभवन आणि संगणकीय प्रतिरूपण

वितळलेला धातू थंड होताना तीन टप्प्यांत आकसतो : द्रवावस्थेत, घनीभवन होताना आणि घनावस्थेत. शुद्ध ॲल्युमिनियमचे घनफळ केवळ घनीभवनातच सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. घनावस्थेतील घट भरून काढण्यासाठी पॅटर्न किंचित मोठा करतात. पहिल्या दोन टप्प्यांतील घट मात्र द्रव धातूनेच भरून निघते. तो न मिळाल्यास ओतीव भागात पोकळी राहते. असा भाग बाद झाला, की तो वितळविण्यास लागलेली ऊर्जा व श्रम वाया जातात.

यावरील उपाय म्हणजे रायझर, अर्थात भागाला जोडलेला द्रव धातूचा साठा. तो भागानंतर गोठला पाहिजे. ख्वोरिनोव यांच्या १९४० मधील नियमानुसार घनीभवनाचा काळ हा घनफळ व पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सहा सेंटिमीटर बाजूच्या घनासाठी हे गुणोत्तर एक, तर बारा सेंटिमीटर बाजूच्या घनासाठी दोन सेंटिमीटर येते. म्हणजे दुसऱ्यास चौपट वेळ लागतो.

गुंतागुंतीच्या आकारांना हा नियम अपुरा पडतो. तेथे संगणक भागाचे व साच्याचे सूक्ष्म घटक पाडून, सुप्त उष्णता विचारात घेऊन, प्रत्येक घटकाचे तापमान क्षणाक्षणाला काढतो. शेवटी गोठणारी जागा, म्हणजेच पोकळीचा संभाव्य ठाव, त्यामुळे धातू ओतण्यापूर्वीच कळतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी. रवी व एम. एन. श्रीनिवासन यांनी याच प्रश्नावर संशोधन केले. तापमान जिकडे सर्वाधिक वेगाने वाढते, त्या दिशेने पावलागणिक गेल्यास शेवटी गोठणारी जागा सापडते, हे या मार्गाचे सूत्र होय. त्यातून गणनेचा वेळ वाचतो. पुढे प्रा. रवी यांनी आयआयटी, मुंबई येथे ‘ऑटोकास्ट’ ही प्रणाली विकसित केली. ‘ई-फाउंड्री’ उपक्रमाने हे ज्ञान इंटरनेटवरून विद्यार्थी व लघुउद्योगांसाठी खुले केले. कोल्हापूर, बेळगाव यांसारख्या ओतकाम केंद्रांतील लहान कारखान्यांना प्रत्येक चाचणीसाठी धातू वितळविणे परवडत नाही. त्यांच्या दृष्टीने याचे मोल अधिक आहे.

मात्र धातूचे गुणधर्म व साच्याकडे होणारे उष्णतेचे वहन यांची माहिती चुकली, तर निष्कर्षही चुकतो. ओलसर वाळूमुळे पडणारी वायूची छिद्रे आकुंचनाच्या गणितात दिसत नाहीत. म्हणूनच प्रतिरूपण हे कुशल ओतारीच्या अनुभवाला पर्याय नसून पूरक साधन आहे.