तक्त्यातलं इंग्रजी खोडा

प्राचीन ग्रीकमधली पुरुषवाचक सर्वनामं मुळात अवघड नाहीत. आपण त्यांच्याकडे ज्या वाटेनं जातो, तिच्यामुळे ती अवघड होतात. ग्रीकची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे मराठी माणसाची वाट इंग्रजीतूनच जाते. माझीही तशीच गेली. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली मी, अहम्-आवाम्-वयम् झोपेतही म्हणू शकणारी, ग्रीक रूपांसमोर 'ऑफ मी, टू मी' असं घोकत बसले. एखादं रूप दिसलं की आधी इंग्रजी आठवायचं, मग त्याचं मराठी. दोन्हीकडे कुठे पोचायचंच नाही.

त्यात पुस्तकं दोन. १९२० साली निघालेलं स्माइथचं व्याकरण अमेरिकन क्रम पाळतं: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया. म्हणजे एगो, एमू, एमोइ, एमे. ब्रिटिश पुस्तकांत द्वितीया षष्ठीच्या आधी येते. मी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून पाठ करायची आणि ऐन वेळी षष्ठीच्या जागी द्वितीया तोंडात यायची. कुठलाही एकच क्रम धरा. संस्कृत झालेलं असेल तर ब्रिटिश क्रम जवळचा वाटेल.

आता खरी मेख. 'मला', 'माझा' या अर्थांची ग्रीकमध्ये दोन-दोन रूपं आहेत, लांब आणि आखूड: एमोइ आणि मोइ, एमू आणि मू, एमे आणि मे. तक्त्यात ती तिरकी रेघ मारून एकाच चौकोनात कोंबलेली असतात, जणू कुठलंही चालेल. चालत नाही. 'दोस मोइ' म्हणजे 'मला दे'. 'एमोइ दोस' म्हणजे 'मला दे, त्याला नको'. आखूड रूपाला स्वतःचा आघात नसतो. ते आधीच्या शब्दाला टेकून राहतं आणि वाक्याच्या सुरुवातीला कधीच येत नाही. शब्दयोगी अव्ययाबरोबर बहुतेक वेळा लांब रूप लागतं, 'प्रोस मे' हा ठळक अपवाद.

संस्कृतवाल्यांना हे नवं नाही. आपले 'मे', 'ते', 'नः', 'वः' हेही वाक्याच्या आरंभी येत नाहीत, पाणिनीनं त्यांची सूत्रं वेगळी काढली आहेत. याकोब वाकरनागेल या स्विस पंडितानं १८९२ मध्ये दाखवून दिलं की असे आघातहीन शब्द वाक्यात दुसऱ्या जागी जाऊन बसतात आणि ही खोड ग्रीक, संस्कृत, लॅटिन या सगळ्याच बहिणींची आहे. 'ओडिसी'ची पहिली ओळ काढून बघा. 'मोइ' दुसराच शब्द आहे.

पण इथेच संस्कृत दगाही देतं. ग्रीक 'मे' ही द्वितीया. संस्कृत 'मे' ही चतुर्थी किंवा षष्ठी, आणि तिचा ग्रीक जोडीदार 'मोइ'. ग्रीक 'मे' दिसला की 'माझा' असा अर्थ लावायचा मोह मला फार दिवस सुटला नाही.

तृतीयपुरुषात तर इंग्रजीनं पुरतं फसवलं. 'औतोस' म्हणजे 'स्वतः', हे ऑटोग्राफ-ऑटोमॅटिकमुळे डोक्यात घट्ट बसलेलं. झेनोफोनच्या 'अनाबासिस'मध्ये सुरुवातीलाच तिस्साफेर्नेस हा सुभेदार पर्शियाच्या राजाचे कान भरतो की तुझा भाऊ सायरस 'औतो' कट करतोय. सायरस स्वतःविरुद्धच कट करतोय? अर्थ लागेना. प्रथमा सोडून इतर विभक्तींत हा शब्द एकटा आला की बहुधा नुसता 'त्याला', 'त्याचा' एवढंच सांगतो. कट राजाविरुद्ध आहे. 'स्वतः' हा अर्थ प्रथमेत, किंवा नामाला जोडून पण उपपदाच्या बाहेर: 'औतोस हो अनेर', तो माणूस स्वतः. उपपदाच्या आत गेला की 'हो औतोस अनेर', म्हणजे तोच माणूस.

मग 'त्याचा' आणि 'आपला'. ग्रीकमध्ये 'औतू' आणि 'हेऔतू' वेगळे. इंग्रजीत दोन्हीला 'हिज', म्हणून इंग्रजी पुस्तकं इथे पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याला कशाला हवीत? 'राजाने त्याच्या भावाला बोलावलं' आणि 'राजाने आपल्या भावाला बोलावलं' यांत भाऊ बदलतो, हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही. (निदान लागत नसे. हल्लीच्या वर्तमानपत्री मराठीत सगळीकडे 'त्याच्या'च दिसतो.) हे लक्षात आलं त्या दिवशी मी तक्त्यातलं इंग्रजी खोडलं आणि शेजारी मराठी लिहिलं. कर्ता गाळण्याचंही तसंच. 'येते' म्हटलं की 'मी' कळतंच, ग्रीकलाही ते कळतं. म्हणून 'एगो' मुद्दाम लिहिलेला दिसला की थांबा, कुणाशी तरी तुलना चालली आहे. प्लेटोनं लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणात पहिल्याच वाक्यात 'तुम्ही' आणि 'मी' असे समोरासमोर उभे केले आहेत.

मराठी दोन ठिकाणी आडवं येतं. एक, 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद ग्रीकमध्ये नाही, संदर्भानं ठरवायचा. दुसरं, आदरार्थी बहुवचन नाही. कुनाक्साच्या लढाईआधी, इ. स. पू. ४०१ मध्ये, भाडोत्री फौजेचा सेनानी क्लेआर्खोस राजपुत्र सायरसला विचारतो की भाऊ तुझ्याशी लढेल असं वाटतं का. तिथे सरळ एकवचनी 'सोइ' आहे. त्यात उद्धटपणा शोधू नका, आणि मराठी करताना 'आपल्याशी' लिहायला कचरूही नका.

'आम्ही' आणि 'तुम्ही' यांची गल्लत सगळ्यांचीच होते: हेमेइस, ह्युमेइस. पुढच्या काळात दोन्हींचा उच्चार एकच झाला. त्यामुळेच की काय, नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीला काही हस्तलिखितांत 'आमचा आनंद' आहे, काहींत 'तुमचा'. तेव्हा शिकताना आधुनिक ग्रीक उच्चार नकोत, जुनेच ठेवा. लेस्बोसच्या बोलीत, म्हणजे कवयित्री साफोच्या, हेच शब्द 'अम्मेस' आणि 'उम्मेस' होते. अस्मद्-युष्मद् आणि आपले आम्ही-तुम्ही त्याच घरचे. 'उ' जिकडे, तिकडे तुम्ही. हे एकदा बसलं की पुन्हा चुकत नाही.

द्विवचनाची 'नो' आणि 'स्फो' ही रूपं सुरुवातीला सोडून द्या. अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या बोलीतल्या, गद्यात ती क्वचित भेटतात. होमर हाती घ्याल तेव्हा 'नोइ' पदोपदी येईल, आणि संस्कृत 'नौ' येत असेल तर वेगळं पाठ करावं लागणार नाही.